मागकाडी

अमावास्येची मोठी ओहोटी असली की मृदुला नाडकर्णी दुपारीच दुकान बंद करायची. वेंगुर्ल्यात तिचं औषधांचं दुकान होतं आणि घरी, बैठकीच्या खोलीत, समुद्रातले जीव पाळायची, खाऱ्या पाण्याची पाच फुटी काचपेटी. दोन बादल्या आणि मागकाडी घेऊन ती गावाबाहेरच्या खडपावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, उतरायची.

मागकाडी दिसायला ताप मोजायच्या नळीसारखी. पाण्यातला प्रत्येक जीव आपल्या अंगाचं काहीतरी पाण्यात सोडत असतो. कातडीचे कण, चिकटा, विष्ठा. त्यातल्या जनुकांचे तुकडे ही काडी वाचायची आणि मिनिटभरात काडीच्याच मुठीवर नावांची यादी उमटायची. पूर्वी या कामाला प्रयोगशाळेत आठवडा लागे. आता कोळंबीच्या तळ्यांवरचे लोकही ती खिशात घालून हिंडत. प्रत्येक वाचन आपोआप किनाऱ्याच्या सामायिक नकाशावर जाई. नको असेल तर एक कळ दाबून ते थांबवता येई.

मृदुलाने ती कळ आजवर एकदाच दाबली होती. दिवाळीनंतरच्या ओहोटीला, एका उथळ डबक्यापाशी.

यादीत शिंपले होते, खेकडे होते, आणि एका ओळीत नुसतंच लिहिलेलं : ‘समुद्रगोगलगाय. जात अज्ञात.’ तिने कपारीत वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढ्या दोन, बिनशंखाच्या, जांभळ्या, कडेला हळदीसारखी पिवळी किनार. तिने आधी कळ दाबली. मग पहिलीला अलगद बादलीत घेतलं. दुसरी आत सरकू लागली. मृदुलाचा हात क्षणभर थांबला. ‘एकटी राहून काय करणार ती इथे?’ असं मनाशी म्हणत तिने तीही काढली. आपण स्वतःला फसवतोय हे तिला तेव्हाच कळलं होतं.

शेजारच्या खडकावर शेवंतीकाकी कुबल कोयत्याने कालवं फोडत होती. खडपावरच्या कालवांवर वाडीतल्या सात-आठ बायकांची घरं चालत. काकीने मान वर केली.

“आज काय गावला गो बाय?”

“काही नाही काकी, शेवाळ,” मृदुला म्हणाली.

त्या गोगलगाई खडकाला चिकटून वाढणारा एकाच प्रकारचा समुद्री स्पंज खात आणि तो त्याच खडकाखाली होता. मृदुला दर आठवड्याला जाऊन तो खरवडून आणू लागली. तरी तिसऱ्या आठवड्यात एक मेली. तिने ती जास्वंदीच्या आळ्यात पुरली आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत तन्वीर मुकादम दुकानात आला. तो किनाऱ्यावरच्या जीवांची नोंद ठेवणारा संशोधक, मृदुलाचा जुना ओळखीचा.

“ताई, तुम्ही खडपावर नेहमी जाता म्हणून विचारतो,” तो म्हणाला. “पावसाळ्यानंतर इथल्या पाण्यात एका नव्या गोगलगाईचा माग सापडला होता. गोव्यापासून देवगडपर्यंत दुसरीकडे कुठेच नाही. आता इथलाही पुसला गेलाय. तुमच्या पाहण्यात आली का कधी?”

“कशी दिसते?” मृदुलाने विचारलं.

“तेच तर कुणाला माहीत नाही. आम्ही तिला पाहिलेलीच नाही.”

मृदुलाच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. ती उगाचच तिने पुसली. “नाही बाई,” ती म्हणाली.

तो गेला आणि तिला जेवण गोड लागेना. पेटीत उरलेली एकटी गोगलगाय काचेला चिकटून वर चढायची, पाण्याच्या कडेशी पोचली की खाली यायची, पुन्हा चढायची. मृदुला खुर्ची फिरवून बसू लागली. पुढच्या अमावास्येला तिने गोगलगाय पेटीतल्या पाण्यासकट डब्यात घेतली, खडपावर जाऊन त्याच डबक्यात डबा उपडा केला आणि ती कपारीत शिरेपर्यंत गुडघे टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

दीड महिन्याने ती पुन्हा गेली. काडी बुडवली. ‘समुद्रगोगलगाय. जात अज्ञात.’ आनंदाने तिच्या तोंडून हुंकार निघाला. पण त्या ओळीखाली एक नवं, लांबलचक नाव होतं. पुढे लाल अक्षरांत : ‘एकपेशी परजीवी. शिंपल्यांना घातक. या किनाऱ्यावर पूर्वी नोंद नाही.’

“बाय, हय बघ गो,” पलीकडून शेवंतीकाकीने हाक मारली. तिच्या टोपलीतली कालवं आ वासून पडली होती, आत पिचपिचीत पाणी. “आठ दीस झाले. हात लावलो की उघडतत. ह्या काय झाला?”

मृदुला घरी धावली. ओल्या पायांनीच तिने काडी पेटीत बुडवली. यादी उमटली आणि तेच लाल नाव आलं. गेल्या वर्षी तिने बाहेरदेशातून आलेलं प्रवाळ विकत घेतलं होतं, ते ज्या खडकाला चिकटलेलं होतं त्यातून हा परजीवी आला असणार. पेटीत शिंपले नव्हते, म्हणून तिथे त्या परजीवीने कुणी मेलं नव्हतं. आणि तिने पेटीतलं पाणी कधी नीट वाचलंच नव्हतं. गोगलगाय जिवंत आहे ना, एवढंच ती बघायची.

तिने तन्वीरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. डबकं, कळ, जास्वंदीचं आळं, डबा.

“मी विचारलं त्याच दिवशी सांगितलं असतंत,” तो म्हणाला, “तर मी एकच सांगितलं असतं. पेटीतलं काही समुद्रात सोडू नका.”

“आता काय करायचं?”

“वाचन नकाशावर गेलंच असेल, पण ते कुठून आलं हे तिथे लिहा. आत्ता, तुमच्या नावाने. निदान शेजारच्या खाडीतले लोक सावध होतील. मी उद्या येतो.”

तिने ते सगळं नकाशावर लिहिलं. मग पुन्हा खडपावर गेली. भरती चढत होती आणि शेवंतीकाकी कोयता धूत होती. मृदुला तिच्यासमोर पाण्यातच बसली आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. आपण काय नेलं, काय परत आणलं, आणि त्याच्यासोबत काय आलं.

शेवंतीकाकी रागावली नाही. राग सोसणं मृदुलाला सोपं गेलं असतं. तिने पाण्यात हात बुडवला, ओंजळ भरून वर घेतली आणि त्या स्वच्छ, नितळ पाण्याकडे टक लावून पाहिलं.

“जीव होतो, तो तू हातान काढलंस,” ती म्हणाली. “ह्या तर दिसतासुद्धा नाय. ह्या आता कोण काढतलो गो, बाय?”