बादशहाच्या नावाचे पेले

माझ्या नखांत कायमचा भरलेला निळा रंग.

हातात थंड शेवया, वर झणझणीत मिरची.

हू मास्तर: “स्वतःचे पेले सोडून पूर्णवेळ ये, नाहीतर येऊच नकोस. सोमवारी सांग.”

खांद्यावर लांब फळी, फळीवर कच्ची भांडी, आणि त्या माणसासाठी रस्त्यात थांबलेली बस.

त्या फळीखाली मी जवळजवळ घुसलेच.

“अहो बाई, शेवया नंतर खा! लोकांची भांडी आहेत ही!”

हा यूफान. चिंगदेझेनमधल्या आमच्या गल्लीची सामायिक भट्टी तो सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात चहादाण्या घडवायचा. मी दिवसभर हू मास्तरांकडे जुन्या बादशाही भांड्यांच्या नकला रंगवायची. स्वतःचे पेले उरलेल्या वेळात... जो उरतच नव्हता.

माझ्या स्वतःच्या पेल्यांची ही पहिलीच भट्टी. पेले चांगले निघाले, तर शनिवारच्या बाजारात मांडायचे. नाही निघाले, तर जन्मभर नकला.

भट्टी निवल्यावर यूफाननं ती उघडली. पेले कोमट होते, त्यांवर मी रंगवलेली निळी बेडकं. एकालाही तडा नाही!

“तुझी बेडकं रुसलीत का गं?”

“बघणाऱ्यावर.”

“म्हणजे माझ्यावर—”

मग आमच्या गावात सगळेच करतात तसं त्यानं पेला उलटा करून बूड पाहिलं. मग दुसराही उलटला.

बुडावर माझ्याच सुबक अक्षरांत: छियेनलोंग बादशहाच्या कारकिर्दीत घडवलेला.

दिवसभर तेच लिहिणाऱ्या हाताला, आपण घरी आलोय हे कळलंच नव्हतं.

“सगळ्यांवर?”

“...सगळ्यांवर.”

मला रडू फुटलं. त्याला हसू.

“हसतोस काय, मेल्या!”

“बादशहांना बेडकं आवडायची, हे माहीत नव्हतं!”

मग मीही हसले. नाक पुसत.

“लाल रंगानं खोड त्याला,” तो म्हणाला. “शेजारी तुझं नाव लिही. छोट्या भट्टीत परत भाजू.”

“आणि कुणी घेतलेच नाहीत तर?”

“तर मी पिईन त्यांतून चहा. रोज... म्हणजे, तुला चालणार असेल तर.”

मी पेल्यातच बघत राहिले.

“चहादाणी कुणाची?”

“माझी.”

“मग चालेल.”

शनिवारी गिऱ्हाइकं पेला उलटायची, खोडलेला बादशहा पाहून हसायची— आणि दोन-दोन घ्यायची.

सोमवारी मी म्हणाले, “मास्तर, आठवड्यातून तीनच दिवस येईन.”

ते कुरकुरले. “बुडावरची अक्षरं दुसऱ्या कुणाला जमतात का! ये बाई, तीन तर तीन.”

हुश्श.

पहिल्या भट्टीत मी कडेची, स्वस्तातली जागा मागितली होती. यूफाननं माझे पेले मधोमध ठेवले होते, जिथे आच सगळीकडून सारखी लागते.