आत्याच्या पत्रातल्या चिठ्ठ्या

खिडकीवरच्या कारकुनाला नेमका त्याच दिवशी ताप यावा, आणि लष्करी टपालाच्या तपासणीच्या टेबलावरून उठवून नेमकं तिलाच तिथे बसवावं, हा नशिबाचा खोडसाळपणा नाही तर काय?

समोर एक पत्र आपटलं गेलं. पत्र कसलं, चाळणच ती.

“याला पत्र म्हणतात?” जवानाने विचारलं. तेही साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात.

“जरा हळू बोलता का...”

“काय?”

“हळू.”

“डावा कान तोफांपाशीच राहिला,” तो म्हणाला. “उजवाही कामचुकार आहे. तुम्हीच मोठ्याने बोला.”

तिने अक्षर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आत्या.

आठ महिने या आत्याने तिला भंडावून सोडलं होतं. भाच्याला लिहिताना बाई हातचं काही म्हणून राखत नसत. घरामागून रणगाडे गेले, पुलावर पहारा बसला, धुकं किती, पाऊस किती. आघाडीवर जाणाऱ्या पत्रात यातलं काहीच चालत नाही, म्हणून ती तेवढं ब्लेडने कापून काढायची. पण कागद दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला. पुढचा पूल कापला की मागची मांजरीची पिल्लंही जायची. त्या पिल्लांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? मग ती कचेरीच्या मोठ्या बाईंचा डोळा चुकवून मागची ओळ चिठ्ठीवर उतरवायची आणि पाकिटात सारायची. नियम साफ होता. टेबलावरच्या माणसाने पत्रातून काढावं, त्यात घालू नये. एक अक्षर घातलं तरी गच्छंती.

आणि आता हा शहाणा त्याच चिठ्ठ्या खिडकीत ओळीने मांडत होता. दहा पावलांवर मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या.

“हे अक्षर कुणाचं?”

“उचला आधी ते.”

“काय?”

“उचला म्हणते ना.”

“उचलतो, पण ऐका. पत्र आलं की आम्ही आठजण खंदकात गोल करून बसतो. भोकांत काय असेल ते ज्याने त्याने सांगायचं. मग मी चिठ्ठ्या वाचतो. एकाला घरून कुणी लिहीतच नाही... तो म्हणतो, चिठ्ठ्या आधी वाच. वर गोळे पडत होते आणि आम्ही खाली पिल्लांची नावं ठरवत होतो.”

तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवरचा ताजा व्रण, हसरे डोळे... हा माणूस असा दिसतो तर. तिला त्याचा भयंकर राग आला, कारण तो फार आवडला होता.

“आत्यांना सांगा, एकाच बाजूला लिहा.”

“सांगितलं. म्हणते, कागद वाया जातो.” त्याने शेवटची चिठ्ठी पुढे सरकवली. ‘थंडी असेल. कान झाकून घ्यायचे. परत यायचं.’ “हे मी लिहिलंच नाही म्हणते आत्या. जिने लिहिलं तिला गाठ म्हणते. आणि माझी गाडी तासाभरात आहे.”

नाही म्हटलं तर नोकरी वाचत होती. आणि हा निघून जाणार होता, कुठे ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“मी...” ती पुटपुटली.

“काय?”

“मी लिहिलं.”

“नुसते ओठ हलतायत तुमचे.”

आता मात्र हद्द झाली. ती ताडकन उठली.

“मी लिहिलं. मांजर आत्यांची, ती शेवटची चिठ्ठी माझी. तुम्ही परत यावं असं मला वाटतं. पत्रागणिक जास्तच वाटतं. आलं आता ऐकू?”

हॉलमधले शिक्के थांबले. मोठ्या बाई आल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी सावकाश वाचली, पिल्लांची तर दोनदा.

“उद्यापासून तू टेबलावर नाहीस. शिक्के मारायला बस.” चार पावलं जाऊन त्या वळल्या. “टेबलावरच्यांनी जवानांना पत्र लिहायचं नसतं. शिक्के मारणाऱ्यांनी लिहू नये असा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही. पत्र तपासेन मात्र मी.”

तिचे डोळे भरून आले. आठ महिन्यांचं काम एका वाक्यात गेलं होतं.

“काय म्हणाल्या?” त्याने घाबरून विचारलं. “माझ्यामुळे काही...”

“तुमच्यामुळेच.” ती खिडकीतून वाकली, उजव्या कानाशी आली. “मी तुम्हाला लिहिणार आहे. आत्यांचं नाही, माझं. पण ते खंदकात मोठ्याने वाचायचं नाही. ते तुमचं एकट्याचं.”

तो कानापर्यंत लाल झाला. ती अगदी हळू बोलली होती, तरी या खेपेला त्याने ‘काय?’ विचारलं नाही.