सरपंच फाटकाला का घाबरला?

"नाही! आपलं ध्येय आपण ठरवायचंच नाही!" विशाखा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ओरडली. "आपण ठरवलं की सोपं सोपं ठरवतो. मागच्या उन्हाळ्यात अतुलनं काय ठरवलं होतं? रोज दोन आंबे खायचे!"

"आणि ते मी पूर्ण केलं होतं," अतुल ऐटीत म्हणाला. "तुझं काय झालं गं? रोज सूर्यनमस्कार घालणार होतीस ना? तिसऱ्या दिवसापासून सूर्य एकटाच उगवत होता!"

निशा खुदकन हसली. ती फारसं बोलायचीच नाही.

गारखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीत सुट्टीची पहिलीच सकाळ होती आणि विशाखानं नवाच कायदा काढला होता. ज्याची खोड, त्याचं ध्येय दुसऱ्यानं ठरवायचं! आपल्या खोडी आपल्याला कुठं दिसतात? मित्रांना मात्र अगदी लख्ख दिसतात.

"मग विशाखाचं मी ठरवतो," अतुलनं हात चोळले. "रोज दुपारी अर्धा तास तोंड बंद! एक शब्द नाही!"

"अर्धा तास? मरेन मी!"

"कुणी मेलेलं नाही अजून गप्प बसून. निशा बघ की!"

"बरं, मग तुझं मी सांगते." विशाखानं खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. "सरपंचाशी दोस्ती करायची!"

अतुलचा चेहरा पडला. सरपंच म्हणजे समोरच्या नानासाहेबांच्या फाटकापाशी बसणारा तांबडा कुत्रा. दिवसभर पाय पसरून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायचा आणि स्वतः काडीचं काम करायचा नाही, म्हणून त्याचं नाव सरपंच. अतुल आता आठवीत जाणार होता, उंचीनं तिघांत मोठा होता, पण सरपंच दिसला की गडी रस्ता बदलायचा.

"आणि निशाचं..." अतुल म्हणाला आणि थांबला.

निशाचं काय ठरवायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा एप्रिलला, भीमजयंतीच्या कार्यक्रमात, विहारापुढच्या मांडवात निशाचं भाषण होतं. महिनाभर तिनं ते पाठ केलं होतं. गीताबाई, तिची आजी, पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. निशा माईकसमोर गेली, "माझं नाव निशा" एवढं म्हणाली आणि पुढं आवाजच फुटला नाही! शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या टाळ्यांनी तर तिला जास्तच रडू आलं. त्या रात्री तिनं ठरवून टाकलं होतं की आता माईकसमोर कधीच जायचं नाही. आजी एवढंच म्हणाली होती, "पुढच्या बारीलाबी मी पहिल्याच रांगेत बसणार."

"निशानं रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचं," विशाखा हळूच म्हणाली. "मोठ्यानं. चालेल?"

निशानं मान डोलावली. "चालेल," ती म्हणाली. पण इतकी हळू, की अतुलला पुन्हा विचारावं लागलं.

पहिल्याच दिवशी आजीबरोबर ती शहागंजला चपला घ्यायला गेली. "दादा, ही चप्पल केवढ्याला?" तिनं विचारलं. दुकानदारानं कानाला हात लावला. "जोर से बोलो बेटी, बाजार है इधर!" निशानं डोळे गच्च मिटले आणि पुन्हा विचारलं. त्यानं भाव सांगितला, निशा भाव करायचं विसरूनच गेली आणि आजीनं घरी येईपर्यंत तिला बोलणी खाऊ घातली. तरी निशाला मनातून लई बरं वाटलं. भलेही चप्पल महाग पडली असेल, बोलली तर होती ना!

अतुल अंगणाच्या टोकावरून सरपंचाला भाकरी फेकायचा आणि भाकरी खाली पडायच्या आत घरात पळायचा. हळूहळू त्याचं पळणं कमी झालं. आठवडा सरत आला तेव्हा तर सरपंच त्याला बघून शेपूट हलवायला लागला. अतुलची छाती कोण फुगली!

आणि मग ती दुपार आली.

विशाखा गच्चीवर टाकीच्या सावलीत तोंड बंद करून बसली होती. ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्धा तास संपला आणि ती जिन्यावरून धाडधाड उतरली.

"ऐका, ऐका, ऐका! नानासाहेबांच्या घरात कुणीतरी अंघोळ करतंय!"

"काहीतरीच!" अतुल म्हणाला. "नानासाहेब आणि सत्यभामाकाकू परवाच पाचोडला गेलेत, पुतण्याच्या लग्नाला. कुलूप आहे घराला."

"तेच तर! कुलूप आहे आणि आत पाणी पडतंय! खळखळ, टपटप! मी स्वतः ऐकलं. बोलत असते तर ऐकूच आलं नसतं मला!" हे तिनंच कबूल केलं, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं.

ज्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल याची लोक चातकासारखी वाट बघतात, तिथं बंद घरात पाणी पडतं म्हणजे काय! तिघंही समोर धावली. नानासाहेबांच्या लोखंडी फाटकाखालून पाण्याचा बारीक ओघळ आला होता. सगळा रस्ता कोरडा ठणठणीत आणि तेवढीच जागा ओली. घराची बाजू हिरव्या शेडनेटनं झाकलेली, त्यामुळं आतलं काही दिसेना.

"चोरच असणार," विशाखा कुजबुजली. "चोरी करून घामाघूम झाला आणि आता अंघोळ करतोय!"

"थांबा, मी फाटकावर चढून बघतो," अतुल म्हणाला आणि पुढं झाला.

एवढ्यात सरपंच कुठूनसा धावत आला! आज तो फाटकापाशी नव्हताच, पार विजेच्या खांबाच्या सावलीला बसला होता. त्यानं भुंकून आकांत मांडला, अतुलची चड्डी दातात धरली आणि मागं खेचली.

"चावला! चावला रे!" अतुल बोंबलत रस्त्याच्या पलीकडं पळाला. चड्डीचा तुकडा सरपंचाच्या तोंडात राहिला. कुठं ओरखडासुद्धा नव्हता, पण अतुलच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या भाकरी घातल्या त्याला! माझं ध्येय गेलं मातीत!"

निशा मात्र सरपंचाकडं बघत होती. त्याचे कान मागं पडले होते. तो फाटकाकडं बघून कण्हत होता आणि ओल्या जागेत पाऊल टाकायला तयार नव्हता. आपल्या रोजच्या जागेला हा का घाबरतोय?

"मी काकासाहेबांना बोलावते!" विशाखा म्हणाली. काकासाहेब म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. नानासाहेब गावाला जाताना किल्ली त्यांच्याकडेच ठेवून गेले होते. "अतुल, तू पण चल, तुझी फाटकी चड्डी पुरावा म्हणून दाखवू!"

दोघं काकासाहेबांच्या घराकडं पळाली. निशा एकटी उरली. तिला चैन पडेना. कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि रस्त्यावर होतं तरी कोण? कोपऱ्यावर, खांबाला शिडी लावून, एक वायरमन नुकताच येऊन काम करत होता. अनोळखी माणूस!

निशा शिडीखाली जाऊन उभी राहिली. "दादा," ती म्हणाली. वर ऐकू गेलं नाही. बाजारातला तो चपलांचा दुकानदार तिला आठवला. "दादाऽऽ!"

"काय गं पोरी? सरक, वरून पक्कड पडंल!"

"दादा, आमच्या इथं एक कुत्रा आहे. तो रोज एका फाटकापाशी बसतो. आज तो तिथं जातच नाही. माझा मित्र फाटकाला हात लावायला गेला तर त्यानं मागं ओढलं. तिथं ओलं झालंय. फाटक लोखंडाचं आहे. आणि घर बंद आहे, पण आत पाणी पडतंय..."

निशा आजवर आधी सगळा विचार मनात करायची आणि मग बोलायची. बहुतेक वेळा विचार पुरा होईपर्यंत बोलायची वेळच निघून जायची. आज उलटं झालं. बोलता बोलताच एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढं आली. पाणी. लोखंड. कण्हणारा सरपंच.

"दादा, फाटकात करंट आलाय!"

वायरमन झरझर खाली उतरला. "कुणी हात लावला का त्याला?"

"नाही. पण आता काकासाहेब कुलूप उघडायला..."

तिचे शब्द तोंडातच राहिले. काकासाहेब येत होते! एका हातात किल्ली, डोक्याला रुमाल, झोपमोड झाल्यानं कपाळावर आठ्या. मागून विशाखा आणि अतुल.

"कुणी नाही न् काही नाही!" काकासाहेब गरजत होते. "सुट्टी लागली की तुम्हा पोरांच्या डोक्यात चोर शिरतात! आता तुमच्यादेखत फाटक उघडतो आणि दाखवतो!" त्यांनी हात पुढं केला. पायात चप्पलसुद्धा नव्हती. सरपंच जिवाच्या आकांतानं भुंकत होता. "हाड!" काकासाहेब त्याच्यावर खेकसले.

वायरमनच्या शिडीपासून फाटक लांब होतं. धावून पोचायला वेळ नव्हता. निशानं छाती भरून श्वास घेतला.

"काकाऽऽ! हात लावू नकाऽऽ! करंट आहेऽऽ!"

अख्खी गल्ली दणाणली! तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. आपल्या पोरीचा आवाज आहे हे ओळखून गीताबाई हातातलं निवडणं टाकून ओट्यावर आल्या. आणि काकासाहेबांचा हात फाटकापासून वीतभर अंतरावर हवेतच थांबला.

"क... कोण ओरडलं?" ते म्हणाले.

"मी!" निशा म्हणाली.

वायरमन पुढं आला. त्यानं सगळ्यांना लांब उभं केलं, रबरी हातमोजे चढवले आणि फाटकाला टेस्टर टेकवला. टेस्टर लाल पेटला! विशाखानं दोन्ही हात तोंडावर घेतले. अतुल मटकन खालीच बसला, आणि सरपंच त्याच्या शेजारी जाऊन बसला. या वेळी अतुल उठून पळाला नाही. त्यानं सरपंचाच्या गळ्यात हात टाकला. "अरे, तू चावत नव्हतास... तू मला वाचवत होतास!"

वायरमननं खांबावरून घराची लाईन तोडली, पुन्हा तपासलं आणि मगच फाटक उघडलं. शेडनेटमागं चोर नव्हता. खिडकीला लावलेला कूलर होता! टाकीचं पाणी त्यात पाइपनं येत होतं, पाणी बंद करणारा फुगा तुटला होता आणि कूलर भरभरून वाहत होता. भिजलेल्या वायरीतून करंट कूलरच्या पत्र्यात उतरला होता, पत्र्यातून लोखंडी स्टँडमध्ये आणि स्टँडला टेकलेल्या तारेच्या कुंपणातून थेट फाटकात.

"अर्थिंगबी नाय," वायरमन मान हलवत म्हणाला. "लई मोठं संकट टळलं साहेब."

"पण कूलर चालू ठेवून गावाला कोण जातं?" विशाखानं विचारलं.

काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते निघाले तेव्हा लाईट गेलेली होती! बटण चालूच राहिलं असणार!" त्यांनी तिथूनच पाचोडला फोन लावला. लग्नातल्या बँडच्या गोंगाटातून सत्यभामाकाकूंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अगं बाई! खरंच की! मी म्हटलं यांनी बंद केलं, हे म्हणाले मी केलं!"

काकासाहेब ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं, मग निशाकडं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "पोरी, हा हात आज तुझ्यामुळं आहे. मी तुमचं ऐकायलासुद्धा तयार नव्हतो. चुकलंच माझं."

त्या संध्याकाळी विहारापुढच्या पटांगणात सगळी कॉलनी जमली. घरोघरी कूलर होते, आणि घरातून निघताना लाईट नसण्याची वेळ कुणावर आली नव्हती? काकासाहेब माईकसमोर उभे राहिले. "मी काही बोलणार नाही. जिनं ओळखलं, तीच सांगेल. ये निशा."

निशा उठून पुढं गेली. तोच माईक! तीच जागा! तिनं समोर बघितलं. पहिल्या रांगेत आजी बसली होती. अंगावर तीच जयंतीची पांढरी साडी होती. शेजारी विशाखा तोंडावर बोट ठेवून बसली होती, कुणी सांगितलेलं नसतानाही. अतुलच्या पायाशी सरपंच.

निशानं माईक बाजूला सरकवला. तो आता तिला लागणारच नव्हता.

"माझं नाव निशा," ती म्हणाली. आणि या वेळी पुढचं सगळं आलं. कूलरचं बटण कधी बंद करायचं, ओल्या हातानं पत्र्याला का शिवायचं नाही, अर्थिंग कुणाकडून तपासून घ्यायचं, सगळं तिनं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं सांगितलं. दोनदा अडखळली, पण थांबली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकासाहेब तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. "शाब्बास! तिघंही शाब्बास! आणि सरपंचाला उद्यापासून रोज दूध, माझ्या घरचं!"

गीताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. निशा खाली आली तसं त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं.

"आजी, ऐकू आलं ना तुला?"

"व्हय गं माझी बाय," आजी म्हणाली. "पुढच्या जयंतीला मी शेवटच्या रांगेत बसले तरी चालंल आता."