जबडा उघडायचं यंत्र

दिवा असू दे तसाच. ऐक.

विदिनला, आमच्या नदीकाठच्या गावात, इमारतीच्या जिन्यावरून मी पडले आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी आत पट्ट्या आणि स्क्रू बसवले, वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. मी आठवडेच्या आठवडे नळीनं सूप ओढत होते. तार निघाली तेव्हा तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. डॉक्टरीण म्हणाली, "झिव्काबाई, रोज व्यायाम करा. नाही केलात तर जबडा असाच आखडून बसेल. मग जन्मभर सूपच."

त्या व्यायामाला एक यंत्र लागतं. दोन चपट्या पट्ट्या दातांमध्ये धरायच्या आणि हातातली मूठ दाबायची, की पट्ट्या फाकतात आणि तोंड उघडतं. शेजारच्या पेनाकडे ते होतं. तिचा नवरा कामेन फेरीबोटीवर कामाला होता, तिथं लोखंडी आकडा लागून त्याचा जबडा फुटला होता. त्यातून तो बरा झाला आणि पुढच्याच वर्षी हृदय बंद पडून गेला.

मी यंत्र मागायला गेले तेव्हा पेना टेबलाशी नुसती बसून होती. पुढ्यात कोरडा पाव.

"ने," म्हणाली. "उकळून घे."

उकळलं. दुपारी पडदे ओढून बसले. खाली अंगणात कुणीतरी मिरच्या भाजत होतं. तो वास हळूहळू विरला आणि खोलीत नदीचा गाळ, ओला दोर, डिझेल असलं काहीतरी दाटत गेलं. मी मूठ दाबली. माझी जीभ जागची हलली नाही. तरी घशातून जाडाभरडा आवाज आला...

"सुपात मीठ नाही."

मी किंचाळले. तेही बोटभरच.

पेनाला बोलावून आणलं. तिला काही न सांगता पुन्हा मूठ दाबली.

"पेने... पुन्हा तोच मळका झगा?"

पेना पांढरीफटक पडली. मग कंबरेवर हात ठेवून ओरडली, "मेल्या!"

"मेलोच आहे की," माझ्या घशातून तो म्हणाला.

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. मी तोंड वासून बसायचे आणि दोघं भांडायचे, तो माझ्या तोंडातून, ती समोरून. कधी सरपणावरून, कधी तिच्या भावावरून. मला मध्ये गिळताही यायचं नाही. पण पेना आता झगा बदलून यायची, दोघींपुरतं सूप करून आणायची, स्वतःही जेवायची.

माझं तोंड दोन बोटं उघडलं, मग अडीच.

"झिव्का," एकदा तिनं दबक्या आवाजात विचारलं, "जरा हळू बरी होशील का गं?"

मी चिडले. जबडा माझा होता, कळा मी सोसत होते. तरी दोन दिवस मी मूठ अर्धीच दाबली. तिसऱ्या दिवशी कामेनच बोलला.

"पुरे आता, पेने. बाईचा जबडा दुखतोय... तू जेवत जा."

"कामेन, थांब ना..."

वास ओसरला. मी कितीही मूठ दाबली तरी नुसती हवा. पेनानं यंत्र पुसलं, पदराआड करावं तसं ॲप्रनच्या खिशात घातलं आणि गेली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरणीनं माझ्या तोंडात तीन बोटं उभी घालून पाहिली आणि टाळी वाजवली. घरी येऊन मी सफरचंद खात होते, तेवढ्यात पेना आली. केस विस्कटलेले, ओठांच्या कडा चिरलेल्या.

"मी स्वतः लावून पाहिलं," ती म्हणाली.

"बोलला?"

"तो नाही... माझ्या घशातून एक बाई बोलली. अगदी हळू. म्हणाली, तो आत्ताच झोपलाय. तुझंही अंथरूण घालून ठेवलंय."

माझ्या हातातलं सफरचंद खाली पडलं.

पेनाला मात्र भीती शिवलीसुद्धा नव्हती. ती रागानं थरथरत होती.

"झिव्का, खरं सांग," तिनं माझा दंड धरला. "ती कोण?"