दरवर्षी एक फरशी

नदीकाठचं घर विकायला काढलं की घेणारा आधी दोनच गोष्टी विचारतो. पाणी कुठपर्यंत येतं, आणि काठ किती खातं? त्याचं उत्तर आकड्यांत लिहून खाली सही करायची, हे मोजणीदाराचं काम. अठ्ठावीस वर्षं तो हेच करत होता. लोकांच्या बोलण्यावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. ‘आमच्याकडे कधीच पाणी येत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या भिंतींवर त्यानं कमरेएवढी ओल पाहिली होती. माणूस थापा मारतो, टेप मारत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या बायकोला ते वाक्य पाठ झालं होतं.

हे घर एका चित्रकलेच्या मास्तरांचं होतं. त्यांची बदली दूरच्या शहरात झाली होती. घरात त्यांची आई, बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. गिऱ्हाईक मिळालं होतं, फक्त मोजणीदाराच्या अहवालावर अडलं होतं.

सकाळी दहाला तो पोचला. रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचा दगडी खांब, तिथून दारापर्यंत फरश्यांची वाट, मग तीन खोल्यांचं बैठं घर. घरामागे नदीकडे तोंड केलेला व्हरांडा, गवताचा उतार, आणि खाली नदी. काठ बघून त्याला हायसं वाटलं. अखंड काळा कातळ, नखभरही कुठे खाल्लेला नाही. तीस वर्षांपूर्वीच्या नकाशात दाखवलेला लोखंडी खिळा अजून त्या कातळात होता, हलवून बघितला तरी हलला नाही.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे,” तो मास्तरांना म्हणाला.

नकाशात खिळ्यापासून घराच्या जोत्यापर्यंत त्रेचाळीस मीटर अंतर लिहिलं होतं. टेपवर आलं सव्वीस मीटर चाळीस. त्यानं टेप गुंडाळली, डोळे चोळले आणि पुन्हा मोजलं. सव्वीस चाळीस.

काठ खचला असता तर हिशेब लागला असता. पण काठ तर तसाच होता. मग त्यानं पुढच्या बाजूनं मोजलं. नकाशाप्रमाणे रस्त्यावरच्या खांबापासून दार वीस मीटर. प्रत्यक्षात साडेछत्तीसच्या वर. खांबापासून खिळ्यापर्यंत एकूण मात्र चौऱ्याहत्तर, तेव्हाही आणि आताही. घर सोडून सगळं जागच्या जागी होतं.

आधीच्या मोजणीदाराला डुलकी लागली असावी, असं त्यानं मनाशी ठरवलं. तरी विचारून घेतलं.

“मास्तर, घर पाडून नव्यानं बांधलंय का?”

“छे हो. मी याच घरात रांगलो.”

तेवढ्यात त्याचं लक्ष वाटेवर गेलं. रस्त्याकडच्या फरश्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. जसजसं दाराकडे यावं तसतशा त्या नव्या होत होत्या. अगदी उंबऱ्यापाशी असलेल्या फरशीभोवतीचं सिमेंट अजून पांढरट होतं.

“ही आताची दिसते.”

“गेल्या पावसाळ्यानंतरची,” मास्तर सहज म्हणाले. “दरवर्षी एक फरशी कमी पडते. विजेची तारही तीनदा जोड देऊन वाढवली. वायरमन म्हणतो, थंडीनं आखडते.”

“आणि तुम्हाला काही वाटलं नाही?”

मास्तर थोडे ओशाळले. “नखं वाढताना कधी दिसतात का साहेब? वाढली की कापायची. तसंच हे. आई सांगायची, फरशी आण, मी आणायचो.”

मोजणीदारानं पहार मागून घेतली. नकाशात घर जिथं होतं तिथं, आताच्या वाटेच्या मधोमध, त्यानं फरशी उचकटून खोदलं. खाली घट्ट लाल माती होती, कधी कुणी कुदळ न लावल्यासारखी. चुन्याचा खडा नाही, विटेचा तुकडा नाही. मग जोत्याला लागून खोदलं. पायाचे दगड मातीत खोल रुतले होते आणि त्यांच्या फटींमधून एका वेलीची मनगटाएवढी मुळं गेली होती. एकही तुटलेली नव्हती. भिंतींना केसाएवढा तडा नव्हता. हे घर इथं कायमचं होतं, असंच माती सांगत होती. टेप दुसरंच सांगत होती.

त्यानं एक शेवटचा उपाय केला. टेपचं एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं ताणून जोत्याच्या दगडाला शिकंज्यानं आवळलं. तारेसारखी ताठ बसली. संध्याकाळी बघू, असं म्हणून तो व्हरांड्यात आला.

तिथं मास्तरांची आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिची खुर्ची नदीकडे तोंड करून होती आणि खुर्चीच्या पायांनी जमिनीत चार खळगे पडले होते.

“किती भरलं?” तिनं विचारलं.

“सव्वीस चाळीस, आजी.”

“अजून बरंच आहे म्हणायचं.”

ते ‘बरंच’ तिनं ज्या सुरात म्हटलं, तो सूर त्याला आवडला नाही. “कशाला बरंच?”

“आमचे हे पलीकडे कामाला गेले, त्याला तीस वर्षं झाली. सकाळच्या नावेनं गेले. येतो म्हणाले.” तिनं नातीच्या तोंडावरची माशी उडवली. “वाट बघायची म्हणजे नुसतं बसून कसं चालेल? थोडं आपणही पुढं जायला नको?”

मास्तर दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. सूनबाईंनी चहाचे कप ठेवले आणि मुलीला सासूच्या मांडीवरून उचलून आत नेलं.

दुपार झाली. हवा पडली होती. नदीचा आवाज इतका एकसारखा येत होता की थोड्या वेळानं तो ऐकूच येईना. आत मुलगी झोपली, तिच्याजवळ सूनबाई कलंडल्या. वर्तमानपत्र छातीवर ठेवून मास्तर घोरू लागले. आजीची मान एका बाजूला झुकली.

मोजणीदारानं भिंतीला पाठ टेकली. पाचच मिनिटं, म्हणून डोळे मिटले.

जाग आली ती पोटात काहीतरी हलल्यामुळे. थांबायच्या आधी नाव जशी हलकेच पुढं जाते, तसं.

घर शांत होतं. कपात उरलेला चहा मात्र हलत होता. बारीक वर्तुळं काठाला लागून परतत होती.

तो उतारावर आला.

तारेसारखी ताठ बांधलेली टेप गवतावर सैल पडली होती. शिकंजा आवळलेला होता. खिळ्याचं टोकही अडकलेलंच होतं.

त्यानं टेप ओढून धरली.

सव्वीस छत्तीस.

दोन बोटं रुंदीची ढिलाई.

मग आत जाऊन त्यानं मास्तरांना उठवलं. “अहवाल राहू द्या. घेणाऱ्याला मी काही लिहून देणार नाही. पण पावसाळ्याच्या आत तुम्ही सगळे इथून निघा.”

“म्हणजे कुणाला काही होणार आहे का?”

“लेकराकडे बघा, मास्तर. निघा.”

आई आठ दिवस अडून बसली होती, हे नंतर मास्तरांनी फोनवर सांगितलं. शेवटी सूनबाईंनी मुलीला तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “हिलाही न्यायचंय का पलीकडे?” त्यावर म्हातारी उठली आणि आपली खुर्चीसुद्धा न घेता गाडीत जाऊन बसली.

पावसाळा जोराचा झाला. पाणी कातळ ओलांडून गवतावर दोन मीटर चढलं आणि उतरलं. पाऊस थांबल्यावर मोजणीदार परत गेला. कुणी बोलावलं नव्हतं. पण अर्धवट सोडलेलं काम त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. घर रिकामं झालं, आता ते जागचं हलणार नाही, याची त्याला मनोमन खात्री होती. एकदा टेप लावायची आणि विषय मिटवायचा.

खिळ्यापासून जोतं अठ्ठावीस मीटर नव्वदवर होतं.

त्यानं आकडा दोनदा वाचला. घर नदीपासून लांब गेलं होतं. चार महिन्यांत अडीच मीटर. एवढी घाई घरानं तीस वर्षांत कधी केली नव्हती.

मागे व्हरांडा जिथं संपायचा तिथं गवत उगवलं होतं. पुढं, दारातल्या चार फरश्या जोत्याखाली गेल्या होत्या. पाचवी अर्धी बाहेर होती.

म्हातारीच्या मागं निघालंय, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी त्यानं होकायंत्र काढलं. घर रस्त्याकडे नीट सरळ गेलेलं नव्हतं, जरा तिरकं गेलं होतं. त्यानं कोपऱ्यांचे कोन घेतले, वहीत उतरवले.

रविवारी सकाळी त्यानं आपल्या टेबलावर मोठा नकाशा पसरला. आधी मास्तरांना फोन लावला.

“आई कशी आहेत?”

“छान आहे. खरं सांगू? नदीचं नावही काढत नाही. नातीत रमलीय.” मास्तर हसले. “आणि तिकडे? पाणी कुठपर्यंत आलं?”

“घराला लागलं नाही,” मोजणीदार म्हणाला.

फोन ठेवून त्यानं नकाशावर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. मास्तरांचं शहर उत्तरेला होतं. रेघ त्या बाजूला वळलीच नाही. ती शेतांवरून गेली, रेल्वेचा रूळ ओलांडून गेली, पाण्याच्या टाकीजवळून पुढं आली.

त्याला वाटलं, कोन चुकला. बुधवारी तो दुसरं होकायंत्र घेऊन पुन्हा जाऊन आला.

कोन चुकला नव्हता. दहा दिवसांत घर आणखी एक वीत सरकलं होतं, त्याच रेघेवर.

आतून बायकोनं हाक मारली, “त्या नदीकाठच्या घराचं काय झालं शेवटी? धोका आहे का त्याला?”

“नदीचा? नाही,” तो म्हणाला. “आता मुळीच नाही.”

रेघ त्याच्या वसाहतीत शिरली होती. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं पेन्सिल थांबवली. मग वहीचं कोरं पान काढून दोन रकाने आखले. पहिल्यात तारीख लिहिली. दुसऱ्यात अंतर, एकोणीस किलोमीटर दोनशे चाळीस मीटर, आणि खाली पुढच्या तारखांसाठी जागा सोडली.