तीन कार्बनांचा आधार

"मॅडम, जपून... पडाल!"

"पडू दे!" म्हणत जाई तरातरा जिना उतरली. क्लासच्या त्या जिन्यात एक अनोळखी तरुण उभा होता. सापडला बिचारा!

"सगळ्यात स्थिर कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बनचा आयन, कुठला? मी उत्तर दिलं बेंझिल. उत्तरसूचीत छापला भलताच पर्याय! आता क्लासचे मालक नंदकिशोर सर म्हणतात, तुम्हीच चुकीचं शिकवलंत, मुलांची माफी मागा, नाहीतर बारावीची बॅच नव्या सरांना देतो. मी का मागू? कुठल्या गाढवाने मला न विचारता उत्तर बदललं?"

तरुण घुटमळला. "पण... त्या दुसऱ्या पर्यायात धनभाराच्या कार्बनला तीन कार्बनांचा आधार आहे. मग तोच स्थिर ना?"

"घोकंपट्टी!" जाईने पिशवीतून त्या दुसऱ्या पर्यायाच्या रेणूचा गोळ्या-काड्यांचा सांगाडा काढून त्याच्या हातात कोंबला. "हा तो कोपऱ्यातला कार्बन. धनभार आला की त्याला सपाट व्हायचं असतं. करा सपाट!"

त्याने जोर लावला. काडी निखळली, काळी गोळी टणटणत खाली गेली. ती शोधून आणताना तो ओशाळून हसला.

"तिघांनी असं जखडल्यावर तो सपाट होणार कसा! मी नुसते शेजारी मोजले."

"मी म्हणजे?"

"उत्तरसूचीचं प्रूफ तपासायला माझ्याकडे होतं. मी अश्विन... नवा सर. ते गाढव."

जाईची कानशिलं तापली. इतका वेळ गुपचूप ऐकत होता! आणि वर इतक्या निर्मळ डोळ्यांनी बघायची काय गरज होती? त्याचाही तिला रागच आला.

ती तोंड उघडायच्या आत तो वर धावला. ती मागोमाग. भरल्या वर्गात, नंदकिशोर सरांसमोर त्याने फळ्यावर 'बेंझिल' लिहिलं.

"मॅडमचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी, माफीही माझी. ही बॅच त्यांचीच."

मुलांनी बाकं बडवली. सरांनी घसा खाकरला. "बरं, बरं. मॅडम, तास घ्या तुम्ही."

तास सुटला तेव्हा अश्विन दारातच होता.

"राग गेला?"

"मुळीच नाही! मुलांची माफी मागितलीत. माझी कुठे?"

"तुमची रोज थोडी थोडी मागावी म्हणतो... चहा घेता घेता."

"आणि संपली की?"

"मग सांगेन... की जिन्यात तुम्ही मला गाढव म्हणालात ना, तेव्हापासून तुम्ही मला आवडता."

जाई लाजली, आणि लाजल्याबद्दल आणखीच भडकली.

"मग हे आधी सांगायचं ना! उगीच तासभर चिडून बसले मी. चला, कुठे चहा पाजताय?"