भोंग्याविना सुरुंग
"खाली वाक!" म्हणत प्रियदर्शनीनं अश्विनची मान बांधाआड दाबली, तोच पातूरजवळची दगडांची खदान धडाडली. मुठीएवढा दगड सणसणत आला आणि मागच्या पळसाची फांदी मोडून गेला. त्यांच्यातला सगळ्यात लहान सुगत कानांत बोटं घालून आडवा पडला होता.

सुरुंगाआधी इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नव्हता. नेमकं हेच तर त्यांना पकडायचं होतं!

आठवड्यापूर्वी अशाच भरदुपारच्या सुरुंगाचा दगड लागून तिच्या भागीरथामावशीच्या पायाचं हाड मोडलं. खदानीचा मुकादम पुंजाजी मात्र सांगत सुटला, की भोंग्याशिवाय आपण सुरुंग लावतच नाही, बाई घसरून पडली. मावशी गावभर खोटारडी ठरली आणि तेव्हापासून प्रियदर्शनीचं डोकं तापलेलं होतं.

तिच्या अमरावतीच्या मामांनी सुट्टीत खेळायला कॉलेजातले दोन जुने, आलेख काढणारे कॅल्क्युलेटर आणि आवाज मोजणारी एक डबी दिली होती. डबीची वायर कॅल्क्युलेटरच्या बुडाशी असलेल्या भोकात खुपसली, की आवाजाचे आकडे आत उतरत.

आताही पडद्यावर आलेख उमटला होता. आधी सपाट रेघ, मग एकदम सुळका. भोंगा वाजला असता, तर सुळक्याआधी लांबलचक टेकाड दिसलं असतं.

वरून बुटांचा आवाज येऊ लागला. आकडे दुसऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये उतरवायला हवे होते, पण भोक एकच. प्रियदर्शनीनं डबीची वायर उपटली आणि दोन्ही यंत्रं जोडणारी वायर लावली. अश्विननं घाईत पाठवायचं बटण दाबलं. काहीच गेलं नाही!

"पहिले घेनारं तयार कर ना बे," ती दातओठ खात म्हणाली. मामांनी हे दहादा बजावलं होतं. सुगतनं घ्यायचं बटण दाबलं, अश्विननं पुन्हा पाठवायचं. आकडे सरकले. तिनं वायर ओढली आणि सुगतला दुसऱ्या कॅल्क्युलेटरसह नाल्यात ढकलून दिलं.

पुंजाजीनं येताच अश्विनचा हात पिरगाळला. अश्विन कळवळला, तशी प्रियदर्शनी पुंजाजीच्या मनगटाला कडकडून चावली. मग तिच्या कानशिलात अशी बसली, की तोंडात रक्ताची चव आली.

"काय टिपून राहिले बे?" म्हणत त्यानं हाती लागलेला कॅल्क्युलेटर दगडावर ठेवला आणि घणाचे तीन घाव घातले. तुकडे उडाले.

पोरांनी तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत पुंजाजी अगदी साळसूद. काल सुरुंग लावलाच नाही, ही पोरं तर आपण कधी पाहिलीच नाहीत, असं त्यानं तहसीलदारबाईंना सांगितलं. सुजलेल्या गालाची प्रियदर्शनी पुढे झाली आणि तिनं टेबलावर कॅल्क्युलेटर ठेवला. पडद्यावर तीच सपाट रेघ, तोच सुळका.

पुंजाजी उसळला. "लबाडी हाय मॅडम! या पोरांचं थे मशीन तं मी काल घनानं ठेचलं!"

तहसीलदारबाईंनी पेन उचललं.

"कोणत्या पोरांचं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

संध्याकाळपर्यंत खदानीला सील लागलं आणि पुंजाजी पोलीस ठाण्यात पोचला. तहसीलदारबाईंनी तिघांची पाठ थोपटली, पण प्रियदर्शनीला घाई होती मावशी होती त्या अकोल्याच्या दवाखान्याची.

भागीरथामावशीनं पडद्यावरच्या सुळक्यावर बोट ठेवलं. "असंच झालं होतं. आता मले कोनी लबाड नाही म्हननार," म्हणताना तिचे डोळे भरून आले. मग तिनं भाचीचा गाल हलकेच चाचपला.

"त्याले चावली म्हने?"

प्रियदर्शनीनं घाबरत मान हलवली.

"बरं केलं वो माय," मावशी म्हणाली.